आक्काचा हेडफोन

आक्काला मी शेवटचं भेटले ती जालन्याच्या एका दवाखान्यात, दुपारच्या वेळी. पोटातलं दुखणं आता आवरण्यासारखं राहिलेलं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते तिच्यापासून लपवलं होतं. पण आमच्याआधी तिला कळलं असावं. मी पर्समधून बोटाएवढा प्लेअर काढला. तिच्या आवडीचे दोन-चार ख्याल त्यात भरून आणले होते. इयरफोनची बोंडं तिच्या कानांत घालायला वाकले, तर तिनं माझं मनगट धरलं. "एकाच कानात घाल. दुसरा राहू दे मोकळा." मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "कुणी हाक मारली तर..." खोलीत आम्ही दोघीच. सलाईन लावलेल्या बाईला कोण कशाला हाक मारणार होतं? पण तिनं ऐकलं नाही. डाव्या कानात गाणं, उजवा कान दाराकडे, डोळे मिटलेले, आणि चादरीवर बोटांनी हलकेच धरलेला ठेका... जिन्यावर दाजींच्या चपला वाजल्या तेव्हा त्या मला ऐकू आल्या नाहीत, तिला आल्या. तिनं स्वतःच वायर ओढून काढली आणि प्लेअर उशीखाली सारला.

त्याच आठवड्यात ती गेली. आता दोन महिने होत आले. भेटायला आलेले सगळे म्हणाले, फार सोसलं हो बाईनं. काय सोसलं, ते मात्र कुणी म्हणत नाही.

शालिनी तिचं नाव. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी म्हणून मला ती आक्का. आमचं माहेर तीर्थपुरीचं. आक्काचा गळा लहानपणापासूनच वेगळा होता. शाळेतल्या गायनाच्या सरांनी तिला घरी बोलावून शिकवलं, परीक्षांना बसवलं. परतूरचं स्थळ बघायला आलं तेव्हा पाव्हण्यांनीच तिला गायला सांगितलं. होणाऱ्या सासूबाईंनी मान डोलावली, नवरदेवानं टाळ्या वाजवल्या. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत स्वयंपाक करताना ती गुणगुणली, तर दाजी ओट्याजवळ येऊन म्हणाले, "आता पुरे. ते बघण्यापुरतं व्हतं." त्यांनी आवाज चढवला नव्हता. दाजी कधीच आवाज चढवत नसत. सरकारी कचेरीतले शांत, इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ अशीच त्यांची गावात ओळख आहे, आणि ती खोटीही नाही.

मग वीसेक वर्षं आक्का गायली नाही. भाचा अभय बारावीला गेला तेव्हा घरात कॉम्प्युटर आला, आणि तो औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेल्यावर त्या कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल पडला. मी तेव्हा जालन्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. एकदा परतूरला गेले ती एक सीडी घेऊनच. एका सीडीत शंभरावर चिजा मावतात, हे तिला खरंच वाटेना. कॉम्प्युटरला दोन टिचभर स्पीकर होते, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखे. त्यातूनही तानपुरा सुरू झाला आणि आक्का पदर तोंडाशी धरून उभीच राहिली... मागच्या अंगणातून सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आल्या. "काय तमाशा लावलाय गं भरल्या घरात?" रात्री जेवताना दाजी म्हणाले, "ऐकायला माझी ना न्हाई. पण तुझ्या गाण्याचा घरात कुणाला तरास नको. त्याला हेडफोन असतोय म्हणे." आम्हा दोघींना त्याचाच केवढा आनंद झाला! माझ्या पिशवीत क्लासमधला साधा हेडफोन होता, तो मी लगेच लावून बघितला, तर मशीनच्या आतल्या साऊंडमध्येच खरखर होती; माऊस हलवला की कानात चर्र व्हायचं. म्हटलं, वेगळं साऊंड कार्ड घालू, आणि हेडफोन आक्कानं स्वतः जालन्याला येऊन, घालून बघून घ्यावा.

दाजी सोबत आले. दुकानदार माझ्या ओळखीचा. त्यानं दोन हेडफोन काढून ठेवले. एक हलका, कानावर नुसता टेकणारा, स्पंजचा. दुसरा जाड, आख्खा कान झाकणाऱ्या बंद कपांचा. आक्कानं आधी स्पंजचा घातला. त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक ठुमरी लावली आणि आक्काचा चेहरा उलगडत गेला. गाणारीनं मध्येच घेतलेला श्वास ऐकू येतोय, असं ती मला म्हणाली, आणि म्हणाली, "शिवाय बाहेरचं बी येतंय ऐकू. रस्त्यावरचा हॉर्न आला. हाच बरा. कुकरची शिट्टी, आत्याबाईंची हाक, सगळं कळंल." मलाही तोच पटला होता, मोकळ्या हेडफोनमध्ये गाणं डोक्यात कोंडल्यासारखं होत नाही. पण दाजी तिच्या डोक्याजवळ कान नेऊन उभे होते. "यातून बाहेर येतोय की आवाज. मंग स्पीकरनं काय घोडं मारलंवतं?" दुकानदार म्हणाला, आवाज बाहेर नको असेल तर बंद कपांचा घ्यावा लागेल, पण मग बाहेरचंही आत येत नाही. दाजींनी तो जाड हेडफोन स्वतःच्या हातानं आक्काच्या डोक्यावर चढवला, गाणं लावायला सांगितलं आणि तिच्या पाठीमागे जाऊन हाका मारल्या. "शालिनी! ए शालिनी!" आक्का समोर बघत बसलेली. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली, दाजीही हसले. "बिलकुल ऐकू येत न्हाई हिला. हाच बांधा."

मी म्हटलं, "दाजी, तिला दुसरा आवडलाय." ते म्हणाले, "घरात कोण राहतंय, तुम्ही का मी?" आक्कानं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे राहू दे. साऊंड कार्ड मी परतूरला जाऊन स्वतः बसवलं.

त्यानंतरचा पावसाळा आणि हिवाळा हे आक्काच्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस असावेत. दुपारची भांडी झाली, आत्याबाई कलंडल्या की ती अभयच्या खोलीत जाऊन बसायची. मला फोन करून सांगायची, आज अमुक राग ऐकला, त्यात धैवत असा लावलाय की मला इतकी वर्षं चुकीचाच माहीत होता. एकदा म्हणाली, "मनातल्या मनात मी गाते बी त्यांच्यासंगं." बंद कपांमुळे कान घामेजतात, ही तिची एकच तक्रार.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. आत्याबाई मागच्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. त्यांच्या हाका भिंतीपलीकडच्या कमलबाईंनी ऐकल्या. त्या पुढच्या दारानं आत आल्या, अभयच्या खोलीत जाऊन त्यांनी आक्काचा खांदा हलवला, तेव्हा तिला कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वयात ते जुळलं नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाला आत्याबाई गेल्या. मधल्या काळात त्यांचं सगळं अंथरुणातच, आणि सगळं आक्काच्याच हातानं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या आक्कासमोरच सांगायच्या, "मी वरडून राह्यले, वरडून राह्यले... अन् ही बया गाणं ऐकत बसल्ती." आक्का त्यांच्या पायाला तेल चोळत असायची. तिचा हात थांबायचा नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं मारलं मला. जित्तेपणी सांगून ठेवते." मी काही बोलणार, तर आक्कानंच मला डोळ्यांनी गप्प केलं.

तेराव्याला पंगत उठल्यावर दाजींनी आईचा फोटो बैठकीत लावला. हार घातला. मग आत गेले, तो हेडफोन घेऊन आले, आणि सगळ्या सोयऱ्यांच्या देखत फोटोखाली एक खिळा ठोकून त्यावर तो टांगला. म्हणाले, "राहू दे हितंच. हिला रोज दिसला पाहिजे." म्हातारी माणसं माना खाली घालून सुपारी कातरत राहिली. अभय अंगणात होता. आत येऊन त्यानं ते पाहिलं आणि तो आईशी कित्येक दिवस बोलला नाही. आपल्या आजीला आईनं मारलं, असंच त्या पोराला सांगितलेलं होतं.

पुढची सगळी वर्षं तो हेडफोन तिथंच होता. नवीन माणूस आलं की विचारायचं, हे काय टांगलंय? आणि दाजी चहा येईपर्यंत सावकाश, पहिल्यापासून सांगायचे. मी ऑफिसात होतो, निरोप आला, धावत आलो, बघतो तर आई अशी पडलेली... चहा घेऊन आक्काच यायची. मी एकदा चिडून खिळ्याला हात घातला. ती माझा हात धरून म्हणाली, "राहू दे गं. काढला तर दुसरं काहीतरी काढतील. ह्याची आता सवय झालीय." दर शुक्रवारी फोटो पुसताना ती तोही पुसायची. गाणं पुन्हा तिनं ऐकलं नाही. ते एकदम दवाखान्यात, आणि तेही एका कानानं.

आक्काच्या तेराव्याला पंगती उठल्यावर मी मागच्या अंगणात हात धूत होते. कमलबाई जवळ आल्या. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "ताई, आता आक्का न्हाईत, म्हून सांगते. त्या दिवशी साहेब घरीच व्हते. दौऱ्यावर जातो म्हून ऑफिसात सांगून घरी आल्ते अन् आतल्या खोलीत कूलर लावून झोपल्ते. न्हाणीची खिडकी त्यांच्याच खोलीला लागून. आक्कांनी जाऊन उठवलं त्यांना, माझ्या डोळ्यांदेखत." मी म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं का नाही बोललात?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आक्कांनीच हात जोडल्ते माझ्यापुढं."

मी तशीच ओल्या हातांनी बैठकीत गेले. दाजी तक्क्याला टेकून बसले होते, अभय शेजारी. मी सगळ्यांसमोरच विचारलं, "दाजी, आत्याबाई पडल्या तेव्हा तुम्ही घरी होतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलतील असं वाटलं होतं, बोलले नाहीत. बहुधा आता त्याची गरज उरली नव्हती. म्हणाले, "कूलर चालू व्हता. लई आवाज करतो तो."

अभयला आधी कळेचना. मग त्याचा चेहरा उतरत गेला. "आईला माहीत होतं?"

"तिनंच उठवलं मला."

"मंग बोलली का न्हाई ती कधी?"

"मी म्हणलो, कुणाला बोलू नको." दाजींनी तक्क्या पाठीमागे नीट केला. "तेवढं मात्र बराबर ऐकलं तिनं."

अभय उठून त्याच्या जुन्या खोलीत गेला. मीही गेले. कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलाय, पण टेबल आहे, खुर्ची आहे. पूर्वी ती भिंतीकडे तोंड करून असायची. आक्कानं नंतर कधीतरी फिरवून दाराकडे केलेली दिसली. दुपारी ती तिथंच बसून भाजी निवडायची म्हणे. खुर्चीवर तिनंच शिवलेली फुलाफुलांची गादी होती. पाठीकडची फुलं अजून नवीकोरी, आणि पुढची हातभर कड मात्र झिजून आतला कापूस दिसत होता. इतकी वर्षं ती त्या खुर्चीवर कधी मागे टेकून बसलीच नव्हती. अभयनं त्या कडेवर तळहात ठेवला.