मालवणच्या आधी कुरुळीची विहीर

समुद्रात उतरायचं तर आधी कुरुळीला जावं लागतं, हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. पण माझा मित्र सुधीर याच्या बायकोनं, नंदावहिनींनी, तसा हुकूमच काढला.

गेल्या मोसमात मालवणला स्कूबा डायव्हिंगमध्ये पाण्याखालून खूण पाठवताना सुधीरचं रीळ अडकलं. खूण म्हणजे हवा भरली की सुसाट वर जाणारी नारिंगी पिशवी. खाली माणूस आहे हे होडीवाल्याला तिच्यावरून कळतं. तिची दोरी रिळावरून सुटत राहायला हवी. अडकली तर पिशवी माणसालाच वर खेचते, आणि तो वेग फुप्फुसांना सोसत नाही. सुधीरनं वेळेवर रीळ सोडलं, म्हणून निभावलं.

"नवीन रीळ माझ्या डोळ्यांसमोर चाललं तर मालवण. नाहीतर योगासनं," वहिनी म्हणाल्या.

रविवारी सकाळी चिंचवडहून गाडी काढली. स्पाइन रोड, मोशी, इंद्रायणीचा पूल. तुम्हीही जाणार असाल तर रविवारीच जा. इतर दिवशी कंपन्यांच्या बस आणि ट्रेलर यांच्यामागे वैराग्य येईपर्यंत थांबावं लागतं. मोशीत मिसळ खाल्ली. तिघांचं तीनशेच्या आत भागलं, तर्री पुन्हा पुन्हा मिळाली.

डिकीत हवेचे भाड्याचे सिलिंडर आणि दोन रिळं होती. एक मूठ-खटक्याचं, दिमाखदार. दुसरी साधी फिरकी, मधे नुसतं भोक.

कुरुळीचा बबन आमचा शाळासोबती. शेतात आता गोदामं उभी आहेत. विहीर तेवढी राहिलीय. याच विहिरीत त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, आम्हाला पोहायला शिकवलं. कमरेला दोर बांधायचे आणि काठावरून ओरडायचे, "साळंतला पाठ म्हना रं! आवाज बंद झाला का वढतो वर!" म्हणून आम्ही 'देवः देवौ देवाः' म्हणत हातपाय मारायचो. षष्ठीपर्यंत पलीकडचा काठ यायचा. संबोधन मी पाण्यात कधी गाठलंच नाही. अण्णा गेले, षष्ठी मात्र अजून आठवली की नाकात पाणी गेल्यासारखं होतं.

"सुध्या, प्वाट बघ की! तू उतारला का हिरीचं पानी वर यील," बबननं स्वागत केलं.

वहिनी पायरीवर बसल्या. आम्ही दोघं पाच पुरुष खोल पाण्यात तळाशी गेलो. सुधीरनं पिशवीत हवा सोडली, पिशवी उडाली, आणि मूठवालं रीळ असं भिरभिरलं की दोरीच्याही पुढे धावलं. सैल वेढे एकमेकांत अडकले. रज्जूच्या जागी सर्प दिसणं हा वेदान्तातला भ्रम. इथे दोरीनं खरोखरच वेटोळं घातलं होतं. हाताला हिसका बसताच सुधीरनं रीळ सोडलं. आम्ही सावकाश वर आलो.

"रिळाला काही केलंयस?" वहिनींनी विचारलं.

सुधीरची हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. विकत आणलेली वस्तू जशीच्या तशी वापरणं आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कमीपणाचं मानतात.

"बेरिंग टाकलं. फ्री फिरावं म्हणून."

"मिक्सरलाही टाकलं होतंस. चटणी अजून छताला आहे." त्यांनी फिरकी उचलली. "हिला हात लावलायस?"

"लावायला जागाच नव्हती गं."

पुन्हा तळाशी गेलो. फिरकी दोन बोटांत नुसती फिरली. अडकायला तिच्यात काही नव्हतंच. दोरी जाडसर, भडक पिवळी. सरळ वर गेली. वर आलो तर वहिनी म्हणाल्या, "पुन्हा." मग आणखी एकदा, "पुन्हा." सिलिंडर संपत आले तेव्हा कुठे त्या उठल्या, आणि बबनच्या घरी पिठलं-भाकरी मिळाली. निघताना बबन म्हणाला, "दिवाळीनंतर बुजवायची हाय ही हीर. गोदामाचा रस्ता येतोय. बरं झालं, आलास."



घ्यायचीच असेल तर साधी फिरकी घ्या, दोरी उतरायच्या खोलीच्या दीडपट घ्या, पिशवी सोडताना ती अंगाला अडकवू नका, आणि प्रशिक्षणाशिवाय विहिरीत प्रयोग नकोत. हे सगळं मी आठवड्याभरात विसरेन. अण्णांची हाक विसरणार नाही.

रात्री जेवताना वहिनींचा फोन आला.

"मालवणची तिकिटं काढली. तीन."

"तिसरं कोणाचं? तुम्हाला तर पोहता येत नाही."

"होडीत बसता येतं ना? नारिंगी काही वर आलं की ते माझं आहे, हे होडीवाल्याला कोण सांगणार?"