आईची वाट

काल पुण्यात सायकल मार्गिकेचे पट्टे रंगवत होते आणि त्या रंगाच्या वासासरशी लहानपणची पिरंगुटची एक सकाळ आठवली. डंपरचा धक्का लागल्यापासून आईने सायकल सोडली होती. बस चुकली की कारखान्यात बोलणी खायची. मग रस्त्याकडेला सायकलींसाठी मार्गिका झाली आणि आईने पुन्हा सायकल काढली. पहिल्याच दिवशी मार्गिकेत एक मोटार उभी! शाळेला निघालेली मी मागच्या सायकलवरून म्हणाले, "आई, वळसा घालू." "न्हाई," म्हणत तिने घंटी वाजवली आणि मोटारीतल्या माणसाला सांगितलं, "साहेब, ही वाट सायकलीची हाय. गाडी काढा." मागे कामावरच्या बायका थांबल्या, त्यांच्याही घंट्या सुरू झाल्या. मोटार मुकाट निघाली. भोंगा व्हायच्या आत आई घामाघूम, हसत फाटकात शिरली. आता मीही रोज सायकलने ऑफिसला जाते, पण तिची ती ऐट मला अजून जमलेली नाही.