दोनशे बारा चुका

माझ्या मावशीने एका महिन्यात दोनशे बारा चुका केल्या, असं संगणकाचं म्हणणं आहे. त्या संगणकात यादी मी भरली होती. म्हणून हे लिहिताना मला जितका राग इतरांचा येतोय, तितकाच स्वतःचाही येतोय, आणि तो झाकायचा माझा काही विचार नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्या रुग्णालयात तिला सगळेच मावशी म्हणतात, पण ती हाक हुद्द्यासारखी. माझी ती खरोखरची मावशी. अठ्ठावीस वर्षं ती तळमजल्यावरच्या एकाच खोलीत काम करत होती. ऑपरेशनला वापरलेली हत्यारं तिथे येतात. ती धुवायची, पुसायची, एकेक उजेडात धरून बघायची, मग सेट लावून हिरव्या कापडात बांधायचा, वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या यंत्रात घालायचा. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या होतात. खोलीला खिडकी नाही. बाहेर थंडी असो की ऊन, आत उकाडाच. तरी मावशी म्हणायची, "मला बाई इथूनच रिटायर व्हायचंय." अडीच वर्षं उरली होती. याहून जास्त काही तिने कधी कोणाकडे मागितलं नाही.

त्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर एक छापील यादी आहे. कुठल्या सेटमध्ये किती कात्र्या, किती चिमटे, वगैरे. ती छापली तेव्हा आमचे डावखुरे डॉक्टर शाळेत असतील. त्यांना डाव्या हाताची कात्री लागते. एका डॉक्टरीणबाईंचा हात लहान, त्यांना सुई धरायचा चिमटा आखूड लागतो. रक्तवाहिनी दाबून धरायचे चिमटे यादीत सहा आहेत. मावशी आठ घालायची, कारण जुन्या चिमट्यांच्या खाचा झिजल्यात आणि सहातले दोन ऐनवेळी सुटतात. हे असं सगळं घालून झालं की ती वरच्या चिठ्ठीवर लिहायची, "यादीप्रमाणे", आणि खाली सही करायची.

आता कोणी म्हणेल, ही तर खोटी सही. म्हणू दे. यादी बदला असा अर्ज तिने अकरा वर्षांपूर्वी दिला होता. तेव्हाच्या मेट्रनबाई म्हणाल्या, "यादी वरून येते. बदलायची तर समिती बसावी लागते. तू घाल लागेल ते, आणि सही कर." समिती काही बसली नाही. मावशीही बसली नाही, ती रोज आठ तास उभ्याने सेट बांधत राहिली. कागद एक सांगतो आणि काम दुसरंच होतं, हे जिथे चालत नाही अशी एक तरी कचेरी मला दाखवाच.

मग नवे व्यवस्थापक म्हणून बदलसाहेब आले. त्यांचं नाव वेगळं आहे. पण पहिल्याच भाषणात त्यांनी 'बदल' हा शब्द इतक्या वेळा घेतला की दुपारच्या चहापर्यंत त्यांचं हे नाव पडलंसुद्धा. त्यांनी प्रत्येक हत्यारावर बारीक खूण कोरून घेतली. सेट लावताना ती यंत्रासमोर धरायची. यादीत असेल तर पडदा हिरवा, नसेल तर लाल. यादी संगणकात भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी संगणक विभागात. कपाटाच्या दाराचा फोटो काढला आणि एका दुपारी सगळं टाइप करून मोकळी झाले. मावशी दहा पावलांवर चिमटे पुसत होती.

"काय करतेस गं?" तिने विचारलं.

"यादी भरतेय."

"कुठली? ती दारावरची आहे ना?"

"मावशी, यादी म्हणजे यादी."

ती पुन्हा चिमटे पुसायला लागली. माझ्यासमोर तिच्याच सहीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पडला होता आणि प्रत्येकीवर 'यादीप्रमाणे' लिहिलेलं होतं. मला वाटलं, विचारायचं काय त्यात. इतकं साधं होतं ते, तोंड उघडून एक प्रश्न विचारायचा. मी नाही विचारला.

महिनाभराने बैठक झाली. भिंतीवर मोठा तक्ता, प्रत्येकाच्या नावापुढे लाल पट्टी. सगळ्यात लांब पट्टी मावशीची, दोनशे बारा चुका. नुकतीच लागलेली एक मुलगी चार चुकांवर होती. तिच्यासाठी टाळ्या झाल्या. ती बिचारी दारावरच्या यादीबाहेर जातच नव्हती, आणि तिच्या सेटमध्ये राहिलेलं मावशी मागून घालत होती. त्याही चुका मावशीच्याच खाती.

"मावशी, या वयात बदल जड जातो, मी समजू शकतो," बदलसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "रोजच्या जगण्यातून शिका. नातवंडांनी मोबाइल शिकवला ना तुम्हाला? तसंच हे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीला मूलबाळ नाही. मोबाइल मी शिकवला होता आणि तो ती दोन दिवसांत शिकली होती. पण मी उठून बोलले का? नाही. मान खाली घालून वहीत चौकोन काढत बसले.

त्या रविवारी मी तिच्याकडे गेले. चहा टाकायला लागले तर ती म्हणाली, "थांब. तो साखर लिहिलेला डबा उघड." त्यात मीठ होतं, कायमच असतं. बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, आणि साखर असते कॉफीच्या बरणीत.

"इतकी वर्षं इथे चहा करतेस. एकदा तरी खारट झाला?"

"नाही."

"का नाही?"

"तुला विचारते ना मी."

"मग तिथे काय झालं होतं?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता कप विसळायला लागली.

सोमवारी मेमो आला: चुका थांबवा, अन्यथा विभाग बदलण्यात येईल. मावशीने तो वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि म्हणाली, "ठीक आहे. यादीप्रमाणे तर यादीप्रमाणे." दुसऱ्या दिवशी तिचे सगळे सेट हिरवे. बदलसाहेबांनी पडद्याचा फोटो काढून वर पाठवला. साडेदहाला वरच्या थिएटरात डावखुऱ्या डॉक्टरांनी हात पुढे केला आणि त्यांच्या हातात उजव्या हाताची कात्री आली. पेशंटचं पोट उघडलेलं. नर्स ट्रे चाळतेय, डॉक्टर ओरडतायत.

मिनिटभरात दार ढकललं गेलं. मावशी नऊ वाजल्यापासून बाहेर उभी होती. हातात तीन छोटी पुडकी, वेगळी वाफवलेली, पट्ट्या काळ्या झालेल्या. तिने ती आत दिली आणि खाली निघून गेली.

नंतर मी तिच्यावरच चिडले. "होऊ द्यायचा होतास गोंधळ. कळलं तरी असतं त्यांना."

"ज्याचं पोट उघडं होतं त्याने काय केलं होतं गं माझं?" ती म्हणाली.

अधीक्षकांच्या खोलीत चौकशी झाली. डावखुरे डॉक्टर म्हणाले, "मला चौदा वर्षं वाटत होतं, सगळ्या सेटमध्ये अशी कात्री असतेच." माणूस भला आहे, पण तेव्हा त्यांचाही राग आला. चौदा वर्षं हातात कात्री येते, आणि ती कोण घालतं असा प्रश्न एकदाही पडू नये? बदलसाहेबांचा चेहरा मात्र खुलला होता. हे सगळं एकाच व्यक्तीच्या डोक्यात असणं धोक्याचं, ते म्हणाले. हे सिस्टिममध्ये यायला हवं. मावशी सांगेल, मी टाइप करायचं.

ते चार दिवस मावशी इस्त्रीची साडी नेसून आली. चष्म्याला नवीन दोरी. अठ्ठावीस वर्षांत तिला पहिल्यांदा कोणी विचारत होतं. कोणाचा हात लहान, कोण घाईचं, कुठल्या कात्रीचं टोक दर तिसऱ्या वापराला बघावं लागतं, ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. मध्येच हसायची. "हे पण लिहिणार? लिही बाई." त्रेसष्ट नोंदी झाल्या. माझी छाती फुगली होती. मला वाटलं, मी माझी चूक निस्तरली.

पुढच्याच आठवड्यात आदेश निघाला. मावशीची बदली मागच्या इमारतीत, कपडे भांडारात. कारण छापलेलं होतं: विभागाचं एका व्यक्तीवरचं अवलंबित्व संपुष्टात आल्याने. मी धावत बदलसाहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही चुकीचं घेताय. ही शिक्षा नाही, हे यश आहे. तुमचाही वाटा आहे त्यात." मी काय बोलले ते आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं.

मावशी मागच्या इमारतीत गेली आणि चादरी मोजायला लागली. भेटायला गेले की हवापाण्याचं बोलायची, खालच्या खोलीचं नाव काढत नव्हती. मला वाटायचं, तिने चार शिव्या दिल्या तर बरं होईल.

तीन महिन्यांनी डावखुऱ्या डॉक्टरांच्या तक्रारी सुरू झाल्या. कात्री बोथट आहे. नवीन मागवली, तीही बोथट. एकदा ती हातातून निसटून ट्रेवर पडली. संगणकावर सगळं हिरवं होतं. शेवटी बदलसाहेब मला म्हणाले, "जरा मावशींना विचारून या, त्यांना कुठल्या कंपनीची लागते."

मी मागच्या इमारतीत गेले. मावशी घड्या घालत होती.

"कात्रीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "त्यांचा अंगठा गेलाय."

"तुला काय माहीत?"

तिने थिएटरच्या कपड्यांतला एक हिरवा पायजमा काढला, डॉक्टरांचा नंबर असलेला. कमरेची नाडी कापलेली होती. "दोन महिने अशाच कापून येतायत. गाठ सोडवता येत नाही त्यांना. मी महिन्यापूर्वी सांगितलं इथल्या साहेबांना. ते म्हणाले, फॉर्मवर 'फाटलं' आणि 'डाग' हे दोनच रकाने आहेत, यात कुठे लिहू. मग मी फाटलं लिहिलं. सहा पायजम्यांना इलास्टिक लावून दिलंय, पण त्याने हात थोडाच बरा होणार. तू जा, लवकर सांग कोणाला तरी. तो माणूस रोज पोटं उघडतोय."

मी पळत वर आले. अधीक्षकांनी डॉक्टरांना बोलावलं, दार लावून घेतलं. तासाभराने ते बाहेर आले तेव्हा डावा हात उजव्या हातात धरलेला होता. त्यांची पुढची सगळी ऑपरेशन्स दुसऱ्यांकडे गेली. त्यांनी लपवलं होतं, घरीसुद्धा.

बदलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "ही माहिती आपल्यापर्यंत आधी का आली नाही?"

"आली होती. लिहायला रकाना नव्हता."

"मग रकाना वाढवू," ते म्हणाले आणि वही उघडली. खूश झाले होते. "घ्या लिहून. थिएटरच्या कपड्यांची नाडी कापलेली आढळल्यास..."

"रकाना नको," मी म्हटलं. "तिला परत आणा."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तळमजल्यावरच्या त्या खोलीत तिची जागा आता दिसतच नव्हती. "ते पद रद्द झालंय," ते म्हणाले, "तुमच्या त्रेसष्ट नोंदी आल्यावर त्याची गरज उरली नाही."

तिची जागा मीच रिकामी केली होती. चार दिवस तिच्या शेजारी बसून, ती हसत सांगत असताना.