डुबकीअण्णांची मंडळी

कपाळावर चार थेंब शिंपडून डुबकीअण्णांनी कधी कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. माणसाला मन्याड नदीच्या डोहात छातीभर पाण्यात उभं करायचं, मानेखाली हात द्यायचा आणि आख्खा उताणा बुडवून वर काढायचा. शेंडीचा केस कोरडा राहिला तरी पुन्हा बुडवत. आम्हा बॅप्टिस्टांची रीतच ती. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावानं पाळकाला हे नाव चेष्टेनं ठेवलं, आणि त्यांनी ते मिरवलं.

दुष्काळाच्या वर्षी चर्चच्या ओट्यावर सुकडी, म्हणजे मदतीचं गोड पीठ, वाटली जायची. माझा बाप खडीच्या कामावरून तसाच त्यांच्याकडे गेला. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या अकरा घरांच्या वतीनं म्हणाला, "अण्णा, आमाला मंडळीत घ्या."

"औंदा न्हाई."

"का बरं? आमी काय पाप केलं?"

"सुकडी खा, लेकरायला घाल. पोट भरल्यावर, डोहात पाणी आल्यावरबी मन तेच राहिलं तर ये."

बाप शिव्या देत घरी आला. पुढच्या साली डोह भरला आणि अकरांपैकी नऊ घरं परत गेली. बॅप्टिस्ट लेकरांना बुडवत नाहीत, म्हणून मी काठावर उभा राहून आई पाण्याखाली जाताना पाहिली आणि भोकाड पसरलं. आमच्या मंडळीचा इतिहास इथून सुरू होतो. गाव मात्र आम्हाला 'सुकडी ख्रिस्ती'च म्हणत राहिलं. अण्णांनी भुकेल्या माणसाला परत पाठवलं होतं, हे कोण ऐकणार?

खोटं त्यांना सोसतच नसे. एकदा लोह्याला जाताना मी एसटीत अर्ध्या तिकिटावर बसलो होतो. अण्णा मागच्या बाकावरून ओरडले, "मास्तर, ह्या पोराला बारा सरले!" कंडक्टर वैतागला. "पास्टर, तुमाला कोणी इचारलं?" अण्णा म्हणाले, "कोणी इचारत न्हाई, म्हणूनच सांगावं लागतंय." मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. मी तेव्हा नुकताच चळवळीची पत्रकं लिहायला लागलो होतो. 'साहेब जवळ आला, न्याय जवळ आला,' असं मी छापलं होतं. त्या ओळीची आज लाज वाटते. साहेब जवळ आला, एवढंच खरं.

माझ्या बहिणीला नर्सिंगला जागा मिळत होती. जातीचा दाखला हवा होता. गावातल्याच कोणीतरी अर्ज टाकला की ही वस्ती बाटलेली आहे, हिला सवलत कसली? कायद्याचं म्हणणं असं की ख्रिस्ती झाला की माणूस अनुसूचित जातीचा राहत नाही. म्हणजे डोहात बुडालं की जात विरघळते. मग गावच्या आडावर घागर घेऊन गेलं की तीच जात पुन्हा वर कशी येते?

चौकशीला साहेब येणार होता आणि पाळकाचा जबाब घेणार होता. मी अण्णांकडे गेलो.

"न्हाई म्हणा. इथं कोणी ख्रिस्ती न्हाई, एवढंच म्हणा."

"तुझ्या मायला ह्या हातानं बुडवलंय, लेकरा."

"तिचीच पोरगी हाय ती! नऊ घरची लेकरं सालगडी राहिली तरी चालंल, तुमचं खरं तेवढं कोरडं ठेवा!"

अण्णा उठून चर्च झाडायला लागले.

दुपारी जीप आली. चर्चपुढं खुर्ची मांडली. आम्ही सगळे निंबाखाली उभे.

"पास्टर, गावात ख्रिस्ती किती?"

अण्णांनी आमच्याकडं पाहिलं. एकेका तोंडाकडं, सावकाश. "एक."

"कोण?"

"मी."

"मग ही बाकडी कोणासाठी?"

"रिकामीच हायत साहेब. बघा की."

साहेबानं लिहून घेतलं, अण्णांनी सही केली. मी जिंकल्यासारखा हसलो.

रविवारी चर्चची घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडले. आईनं लुगडं नीट केलं. मी दारात आडवा झालो, "दाखला हातात येऊ दे." दाखला आला, बहीण नांदेडला गेली. मग दाखल्याच्या पडताळणीची भीती आली, आणि ती काही सरेना. काही महिन्यांनी आई न राहवून गेलीच, तर अण्णांनीच तिला उंबऱ्यावर अडवलं.

"नको बाई. मी सही करून दिलीय. शिष्य असून पेत्रानं प्रभूला नाकारलं, तेला माफी झाली. मी तर मेंढरं नाकारली."

त्यानंतर टोलेही बंद झाले. अण्णा एकटेच बसून वाचत. मी एका पावसाळ्यानंतर गेलो आणि म्हणालो, "अण्णा, डोह भरलाय. मला न्या." जातीनं, कायद्यानं, सगळ्यांनी हरवल्यावर मला ते एवढंच मागावंसं वाटलं. त्यांनी माझ्या हातातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं.

"औंदा न्हाई."

पुढच्या सालीही तेच. त्याच्या पुढच्या सालीही.

मी चौथ्यांदा विचारायच्या आत अण्णा गेले. मातीला नांदेडहून एक अनोळखी पाळक आला. बहीण ड्युटीवरून तशीच, पांढऱ्या कपड्यांत आली होती. नऊ घरं गावकरी म्हणून लांब उभी होती. पाळकानं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "इथली मंडळी कुठं आहे?"

आईनं पदर पुढं ओढला. शेवटी माझ्याकडं पाहून त्यानं पुन्हा विचारलं.

"इथं एकच होते," मी म्हणालो.