उजवीकडचं हृदय

तमिळ मुलखातल्या आमच्या शाळेत सरांना 'सार' म्हणत. आमचे पीटी सार तिरुवैयारूहून मोपेडवर यायचे आणि मोपेडवरून उतरले की थेट खुर्चीत बसायचे. आम्ही उन्हात मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि त्यांनी कडुलिंबाखाली बसून शिट्टी फुंकायची, एवढाच त्यांचा व्यायाम. आम्हाला नाचणीची कांजी प्यायला सांगून स्वतः मात्र बाजारात नव्यानं आलेला कोला ढोसायचे.

पाऊस आला की वर्गात आरोग्याचा तास. भिंतीवरच्या तक्त्यातला माणूस आमच्याकडं तोंड करून उभा, म्हणून त्याचं हृदय आमच्या उजव्या हाताला दिसे. तेवढं पाहून सारांनी स्वतःच्या छातीवर उजवीकडं थाप मारली. "हृदय इथं असतं!"

मी उभी राहून म्हणाले, "सार, माझं डावीकडं धडधडतंय."

"तक्ता मद्रासहून छापून आलाय," ते तमिळमध्ये गरजले. "तू कुठून छापून आलीस?"

वर्ग खो खो हसला. परीक्षेत सगळ्यांनी 'उजवीकडे' लिहिलं. मीही लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले.

त्या माणसाला मी अजून मूर्खच म्हणते. पण त्याला निदान ठाऊक तरी नव्हतं. मी उत्तर लिहीत होते, तेव्हा माझं हृदय डावीकडं धडधडत होतं.