विहिरीची बारी, बेंचची बारी

बास्केटबॉलमध्ये बेंच कशासाठी असतो, हे मला आमचा बेंच जवळजवळ संपला तेव्हा कळलं. अमरावतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मुलींच्या संघात आम्ही बारा जणी होतो. तिसऱ्या वर्षी सात उरलो. कापूस आणि संत्रा दोन्ही पिकं बुडाली होती. मुली एकेक करून घरी परतल्या, कोणी लग्नासाठी, कोणी नुसत्याच.

सात म्हणजे मैदानात पाच आणि बेंचवर दोन. आमच्या खेळाच्या सरांनी समोरच्या प्रत्येकीमागे आपली एक लावून बचाव करणं बंद केलं. "अशा धावल्या तर अर्ध्या खेळात साऱ्या आडव्या पडसान," ते म्हणाले, आणि त्यांनी झोन शिकवला. पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपला तुकडा सांभाळायचा. पण कोणाला कधी बसवायचं, हे त्यांना सुचेना. ते सुचवलं आमच्या सर्वांत चांगल्या खेळाडूने. ती चांदूर बाजारकडची, मागच्या तिघींत मधली.

"सर, आमच्या इतं एका विहिरीवर तीन घरं हायेत. बारी संपली का मोटर बंद. मंग बगीचा कितीबी सुकून राहो."

बारी म्हणजे पाळी. सरांनी तशीच बसण्याची रांग कागदावर लिहिली. चार मिनिटं झाली की पुढच्या शिट्टीला दोघी बाहेर, दोघी आत. रंगात आलेल्या मुलीला कोणी बाहेर काढतं का, असं मला वाटलं. पण दोन सामने आम्ही जिंकलो. शेवटी दम लागलेला असायचा तो समोरच्यांना.

अंतिम सामना अकोल्याला होता, सिमेंटच्या मैदानावर. विद्यापीठाचा संघ निवडणारे दोघे कडेला खुर्च्या टाकून बसले होते. आमच्या चांदूर बाजारवालीला घरून निरोप होता, निवड झाली तर पुढचं वर्ष शीक, नाही तर ये. त्यांचा संत्र्याचा बगीचा वाळला होता, झाडं तोडून झाली होती. विद्यापीठाचं प्रमाणपत्र पोलीस भरतीत कामाला येईल, एवढाच तिचा हिशोब होता.

शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. कागदाप्रमाणे ती बाहेर आणि मी आत.

"सर, आता नाई न! ते मलेच पाहून राहिले."

"बारी कोणी सांगतली होती?"

"मीनंच. पन..."

"मंग बस."

ती माझ्याजवळून जाताना म्हणाली, "बॉलकडं नोको पाहू. बॉलवालीच्या कमरेकडं पाह्य." आणि बसल्या बसल्या ओरडायला लागली. "डावी पुढं! मागची सरक! अवं मधली, भुईत रुतली काय?"

मधली म्हणजे मी. चमत्कारिक गोष्ट अशी की पास सुटायच्या आधी तिची हाक यायची, आणि आम्ही पाचही जणी हाकेवर सरकायचो. अकोल्याच्या मुलींना आत शिरता येईना. मग त्यांनी लांबून मारायला सुरुवात केली. त्यातले दोन पडले, दोन्ही तीनच्या रेषेच्या आतून, म्हणजे चार गुण. आमचा एक फ्री थ्रो पडला, आणि आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या एसटीत आम्ही सरांना पुढे सोडून मागच्या सीटांवर जाऊन बसलो. ती तर खिडकीकडे तोंड करून बसली होती.

आठ दिवसांनी यादी लागली. तिचं नाव होतं. निवडणाऱ्यांपैकी एकाने सरांना विचारलं म्हणे, जिला पास आधीच दिसतो ती बेंचवरची मुलगी कोण?

विद्यापीठाच्या सामन्यांत तिला फारसं खेळवलंच नाही. परत आल्यावर मी म्हटलं, "बसवलंच न तुले शेवटी?"

"बसवलं. तितं बारीच नाई वं. त्याच पाच जनी धावून राहिल्या, आमी नुसत्या पाहून राहिलो. हरलो बी."

पुढच्या वर्षी ती कॉलेजात आली. आम्ही दोघींनी तिथेच एम.ए.ला नाव घातलं होतं. पहिल्याच दिवशी तिने सरांकडून कोरा कागद मागून घेतला आणि रांग स्वतः लिहिली. मी वाकून पाहिलं. शेवटच्या चार मिनिटांत तिने स्वतःला बेंचवर ठेवलं होतं.

"हे कावून?"

"तितून दिसते," ती म्हणाली.

तिच्या जागी मध्ये कोण, ते मी विचारलं नाही. कागदावर माझंच नाव होतं.