धरणाखालचा डोह आणि सीलबंद बाटली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढी चीड कशाचीच आली नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असताना एका पुढाऱ्याचा फोन आला. धरणाखालच्या डोहात कुणी विष कालवलंय, मासे मेलेत, आरोपी धरून ठेवलाय, लवकर या. ‘आरोपी’ हा शब्द त्याचाच. आमचं निम्मं काम त्याने परस्पर उरकून ठेवलं होतं.

डोहावर पोचलो तर रोहू आणि कटला तोंडं वासून काठाला लागलेले. पाणी काळपट, वास नासक्या अंड्यांसारखा. मरळ तेवढी मधूनच वर येत होती, जिवंत. भोयांच्या बायका कपाळाला हात लावून बसल्या होत्या, कारण डोहात माशांचं बीज त्यांनी सोडलं होतं.

आरोपी म्हणजे नांदूरघाटाकडून आलेला एक मेंढपाळ. आदल्या दिवशी त्याने डोहात मेंढरं धुतली होती आणि त्याच्या बिऱ्हाडात गोचिडाच्या औषधाची बाटली सापडली होती. जमावाला एवढं पुरलं. त्याला बाभळीला बांधलं होतं, एक मनगट सुजून टम्म झालं होतं. मी बाटली जप्त केली, पंचनामा उरकला आणि माणसासोबत मेंढरंही ठाण्यावर आणवली. मागे ठेवली असती तर संध्याकाळपर्यंत निम्मी उरली नसती.

चौकशीला बसवलं तर तो खाली मान घालून म्हणाला, “असंल साहेब. मेंढरं धुतली, घान पान्यात उतरली. माझ्याच हातनं झालं असंल.”

आमचा हवालदार खूश. गुन्हा कबूल, जेवणाआधी काम फत्ते. मी त्याला गप्प केलं. खरा गुन्हेगार आधी ठाम ‘न्हाई’ म्हणतो. ‘असंल’ म्हणतो तो पोटभर मार खाल्लेला माणूस.

मेंढपाळाला चहा दिला आणि औषध कधी लावतो ते विचारलं. तो म्हणाला, आधी धुवायचं, वाळली की कातरायचं आणि मग औषध. लोकरीवर ओतून काय उपयोग? मी खिडकीतून पाहिलं. आवारातली सगळी मेंढरं लोकरीने गच्च भरलेली. मुद्देमालातली बाटली मागवली. झाकणाचं सील शाबूत होतं. पंचांनी तिच्यावर सह्या ठोकल्या होत्या, झाकणाकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

मग मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याला डोहावर नेलं. त्याने यंत्र पाण्यात सोडलं. पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हताच. मासे गुदमरून मेले होते. मरळ तोंड वर काढून हवा घेते म्हणून ती वाचली, विष असतं तर तीही मेली असती. असं पाणी धरणाच्या तळाशी साचून सडतं, कुणीतरी तळाचा दरवाजा उघडला असणार, असं तो म्हणाला.

दरवाजा सांभाळणारा कर्मचारी मान वर करीना. वरनं फोन आलता, एवढंच बोलला. कुणाचा, ते सांगायला जीभ रेटेना. तशी गरजही पडली नाही. पुढाऱ्याच्याच कार्यकर्त्यांनी आदल्या संध्याकाळचा व्हिडिओ मोबाइलवर मिरवला होता. साहेबांचं जलपूजन! मागे काळं पाणी उसळतंय, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. वास त्याला आला होता.

त्याला ठाण्यावर बोलावलं. खुर्चीत रेलून त्याने मलाच विचारलं, पाणी सोडणं गुन्हा हाय का? मग मेंढपाळाला का बांधलं, असं मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “लोक लई खवळले होते साहेब. कुनीतरी द्यावंच लागतं की त्यांला.”

मी उठून उभा राहिलो. अंगावर वर्दी होती म्हणून हात आवरला, एवढंच सांगतो.

प्रयोगशाळेच्या अहवालात विष निघालं नाही. दरवाजाबाबत मी वर सविस्तर लिहिलं, त्याचं उत्तर निवृत्तीपर्यंत आलं नाही. भोयांचं नुकसान कुणी भरून दिल्याचंही ऐकलं नाही. मेंढपाळाला सोडलं, तेव्हा मनगटाला प्लास्टर होतं. मारहाणीची फिर्याद दे, एकेकाला आत घालतो, असं मी त्याला परोपरीने सांगितलं.

“नगं साहेब,” तो म्हणाला. “फुडल्या साली बी मला मेंढरं घेऊन ह्याच वाटेनं यायचंय.”

या प्रकरणाने मला एक शिकवलं. जमावाने आरोपी आयता हातात दिला, की तो कुणाच्या सोयीचा आहे ते आधी पाहावं. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगत असतो. ते माना डोलावतात. पण त्यांना न सांगितलेली गोष्ट अशी, की खरं शोधून काढूनही मला त्या माणसासाठी काही करता आलं नाही. मनगट कसं मोडलं, या प्रश्नाला त्याच्या जबाबात माझ्याच समोर लिहिलेलं उत्तर आहे: डोहाच्या काठावर पाय घसरून पडलो, कोणाविरुद्ध तक्रार नाही.